खानापूरहून डेल्फ्टला निघण्याआधी

तू विचारलंस, बेळगावात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालंय, नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला पीएचडीची जागा मिळतेय, विषय जमिनीवरच्या नोंदींनी हवामानबदलाची मॉडेलं तपासण्याचा, घेऊ का? आणि त्यात नुसतं कॉम्प्युटरसमोर बसायचं का? मी निपाणीचा, सात वर्षं इथे याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घे. खरं उपकरणांजवळ जायला मिळणार असेल तरच घे. इथे काबाऊ नावाच्या गावी कुरणांच्या मधोमध २१३ मीटर उंच मनोरा आहे, १९७२ पासूनचा. २ मीटरपासून २०० मीटरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवर तापमान, दमटपणा, वारा मोजतात. शेजारी ढग पाहणारं रडार आणि लायडार, म्हणजे तेच काम लेझरच्या प्रकाशाने करणारं यंत्र. स्वच्छ रात्री जमीन थंडावते, लगतची हवा जड होऊन बसते आणि वरची हवा तिच्यात सहसा मिसळत नाही. थंडीत आपल्याकडे शेकोटीचा धूर शिवारावर आडवा पसरून राहतो, तो याच थरात. बऱ्याच मॉडेलांत ही हवा प्रत्यक्षापेक्षा जास्त मिसळते. काबाऊची २००६ सालची १ जुलैची रात्र घेऊन कितीतरी मॉडेलं त्यासाठी पारखली गेली.

पावसाचंही तसंच. आपला वळीव दिवस कलल्यावर कोसळतो. जमिनीवरचा असा पाऊस अनेक मॉडेलं भर दुपारीच पाडतात, आणि एरवीही हलका पाऊस फार वेळा पाडतात. महिन्याची बेरीज जुळली म्हणून मॉडेल बरोबर म्हणायचं नाही, ते यामुळे. कधी आणि किती जोराने पडला, हे मिनिटामिनिटाला नोंदणारं यंत्रच सांगतं.

आता यातला खरा अवघड भाग. मॉडेल जमीन चौकोनांत वाटून हिशोब करतं, आणि त्याचा एक चौकोन शंभर किलोमीटरचा असू शकतो. त्यात कणकुंबीही येते आणि बेळगावही. कणकुंबीचा पाऊस नि शहराचा पाऊस किती वेगळा, हे तुला सांगायला नको. मग एका जागचं रडार त्या चौकोनाशी कसं ताडायचं? वाऱ्याबरोबर ढग डोक्यावरून सरकतात, म्हणून तासभराच्या नोंदींची सरासरी घेतात. घाटाच्या कड्यावर तेवढ्याने भागत नाही. दुसरं, स्वतंत्र चालणाऱ्या, म्हणजे खऱ्या नोंदींना न बांधलेल्या मॉडेलमधला १५ जुलै हा खऱ्या जगातला १५ जुलै नसतो. तारखेला तारीख लावायची नाही. एक तर बऱ्याच वर्षांच्या सारख्या स्थिती एकत्र करून बघायच्या, नाहीतर मॉडेल प्रत्यक्ष हवामानापासून सुरू करून थोडे दिवस चालवायचं.

पहिल्या वर्षी मी ठरवून टाकलं होतं की मॉडेल पावसाच्या वेळी वरचे ढग जास्त दाखवतं. चूक माझी होती. जोराच्या पावसात रडारची लहर वाटेतच क्षीण होते, वरचे ढग त्याला दिसतच नाहीत. तीन महिने गेले. तेव्हापासून मी आधी रडारला काय दिसलं असतं ते मॉडेलच्या ढगांवरून काढतो, मगच दोन्ही शेजारी ठेवतो. मुलाखतीत हे विचार: उपकरणाच्या मर्यादा शिकवणारं माणूस गटात आहे का? नसेल तर मी तरी ती जागा घेणार नाही.

बाकीचं थोडक्यात. इथे पीएचडी ही बहुधा चार वर्षांची नोकरी असते, पगार मिळतो, राहण्याच्या परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं. खोली मिळणं मात्र फार कठीण, होकार आला त्याच दिवशी शोधायला लाग. काम इंग्रजीत चालतं; तरी यंत्रं सांभाळणाऱ्या लोकांशी चार वाक्यं डचमध्ये बोललीस तर ते मनापासून शिकवतात.

आणि निघायला अवकाश असेल तर महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे, २०१२ पासूनची. आपल्याच सह्याद्रीवरचे ढग. तिथे दोन-तीन महिन्यांचं काम मिळतंय का ते या आठवड्यातच विचार. अर्जाचं पत्र लिहून झालं की मला पाठव, रविवारी बसून वाचतो.