९५ करायच्या आधी बघा, ८० टक्के नक्की कशाचे

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतला कारखाना, झॅबिक्स (नेटवर्कवर लक्ष ठेवून अलार्म देणारं सॉफ्टवेअर) नवीन लावलेलं, रात्री दोन ते चार टेलिग्रामवर मेसेजवर मेसेज, आणि दिवसा ऑफिसातले लोक ईआरपी (कारखान्याचं हिशोब-साठ्याचं सॉफ्टवेअर) रडतंय म्हणून फोन करतात तेव्हा मात्र एक पण अलार्म नाही. वर साहेब म्हणतायत लाइन ८० टक्के भरली की वाजणारा अलार्म सगळीकडे ९५ वर करून टाक, शांतता होईल. भाऊ, ते करू नका. मी डिट्टो हेच केलं होतं आणि त्यात माझे चार महिने गेले, म्हणून एवढं लांब लिहितोय.

मी तेव्हा इथल्याच एका पतसंस्थेचं नेटवर्क बघायचो. १२ शाखा, त्यातली एक व्हीसॅटवर (उपग्रहावरून चालणारं कनेक्शन), बाकी सगळ्या वायरवर, प्रत्येकी ४ एमबीपीएस, आणि मुख्य ऑफिसला २० एमबीपीएसची लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्यानं घेतलेली. सर्व्हर मुख्य ऑफिसमध्ये. सगळ्या इंटरफेसवर, म्हणजे पोर्टवर, ८० टक्क्यांचा अलार्म लावलेला. रात्री बॅकअप सुरू झाला की आतला स्विच ओरडायचा, मग मी वैतागून सगळीकडे ९५ केलं. रात्री झोप लागायला लागली. मला वाटलं झालं काम.

त्यानंतर बार्शीच्या शाखेतून रोज फोन. सकाळी चालतंय, ११ नंतर बंद पडल्यासारखं. डिसेंबर होता, कांद्याची आवक जोरात, शेतकऱ्यांचे पैसे येणारे-जाणारे, काउंटरला रांग दारापर्यंत. एक दिवस मी स्वतः जाऊन बसलो. कॅशियर बाईंनी पासबुक प्रिंटरमध्ये घातलेलं, एका हातानं धरून ठेवलेलं, आणि स्क्रीनवर ते गोल फिरतंय फिरतंय, समोर एक आजोबा काचेवर हात ठेवून उभे. मी लॅपटॉपवरून मुख्य ऑफिसला पिंग लावला होता, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजत होतो. सकाळी साडेदहाला ९ मिलिसेकंद दाखवत होता, बाराच्या सुमाराला ३४० आणि मधेमधे पॅकेट गायब. मॉनिटरिंग बघितलं तर सगळं हिरवं.

तेव्हा ग्राफ उघडून नीट बघितला. मुख्य ऑफिसच्या लाइनवर येणारा ट्रॅफिक ११ ते १ सरळ रेघ, १९.६ एमबीपीएस, वर टेबलासारखा सपाट. ट्रॅफिक कधी असा सपाट नसतो, चढउतार असतातच, सपाट दिसला म्हणजे तो कशाला तरी जाऊन अडकलाय. पण राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा. मॉनिटरिंग वेग पोर्टकडून विचारून घेतं, पोर्ट सांगतो १००, म्हणून त्याच्या हिशोबानं वापर १९.६ टक्के. ८० काय, २५ ठेवलं असतं तरी तो अलार्म कधीच वाजला नसता, कारण लाइनच २० ची. टक्के काढताना खालचा आकडा चुकीचा असेल तर वरचा कितीही बारकाईनं मोजा, उपयोग शून्य.

माझी खात्री आहे की तुमच्याकडे पण हेच आहे. तुमचा इंटरनेटचा पोर्ट १ जीबीपीएसचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, दिसतोय आणि लाइन ५० ची असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या पोर्टवर जास्तीत जास्त ५ टक्के दिसणार. झॅबिक्समध्ये होस्टवर (त्या राउटरच्या नोंदीत) मॅक्रो, म्हणजे आपण ठरवलेला आकडा, करून विकत घेतलेला वेग टाका आणि टक्के त्याच्यावर काढा. सिस्कोचा राउटर असेल तर इंटरफेसवर बँडविड्थ कमांड देऊन पण होतं, पण ओएसपीएफ किंवा ईआयजीआरपी (राउटरनं आपापसात मार्ग ठरवायच्या पद्धती) चालू असेल तर ते दोन्ही तोच आकडा मार्ग ठरवायला वापरतात, ट्रॅफिक भलतीकडे वळू शकतो, त्यामुळे कामाच्या वेळेत हात लावू नका.

आणि कनेक्शन देणाऱ्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. नाव घेत नाही. चार महिन्यांत मी १४ तक्रारी टाकल्या. मी सकाळी साडेअकराला तक्रार करायची, ह्यांचा माणूस संध्याकाळी साडेसहाला, शाखा बंद झाल्यावर, टेस्ट करणार, लाइन ओके, प्रॉब्लेम तुमच्या बाजूला, तक्रार बंद. प्रत्येक वेळी. त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून आम्ही दोन स्विच बदलले आणि सव्वा लाखाचा फायरवॉल घेतला. नंतर मी लाइन वाढवायचं विचारलं तर दुसऱ्या दिवशी त्यांनीच आमच्या पोर्टचा तीन महिन्यांचा ग्राफ पाठवला, बघा तुमची लाइन रोज फुल जाते, ४० घ्या म्हणून! म्हणजे ग्राफ त्यांच्याकडे होता, १४ वेळा कुणी उघडला नाही. मला अजून त्याचा राग येतो. तुम्ही तक्रार कराल तेव्हा मेलवरच करा, वेळ लिहा, आणि त्या तासाचा वापराचा ग्राफ लेखी मागा. फोनवर बोलू नका.

लाइन भरत होती कशानं, तर मुख्य ऑफिसच्या भिंतीवरच्या टीव्हीवर ११ शाखांचे कॅमेरे लाइव्ह लावलेले. एकेकी दीड एमबीपीएस धरा, साडेसोळा तिथंच गेले. सबस्ट्रीमवर (कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं, हलकं चित्र) टाकले, रुपया खर्च न होता प्रश्न सुटला.

आता तुमच्या रात्रीच्या मेसेजांचं. बॅकअप चालला की तो लाइन भरणारच, त्याचं कामच ते आहे, रात्री दोनला कुणाचं अडतंय? तिथं वापरावर अलार्मच नको असं माझं मत, त्याऐवजी सकाळी सहापर्यंत बॅकअप संपला नाही तर अलार्म ठेवा. बाकीच्या लिंकवर आकडा चढवण्याऐवजी वेळ घाला, म्हणजे शेवटच्या १५ मिनिटांतला सगळ्यात कमी आकडा पण ८० च्या वर असेल तरच वाजव, आणि ६५ च्या खाली आल्याशिवाय बंद करू नको. चढायचा आकडा वेगळा, उतरायचा वेगळा. ही काही नवी गोष्ट नाही, आरएमओएन या नेटवर्क मॉनिटरिंगच्या मानकात १९९१ पासून आहे. हे नसलं की ७९-८१-७९ असं होत रात्रभर वाजतं.

पण उलटी बाजू पण बघा. पाच मिनिटांची सरासरी फसवते. एक मिनिट लाइन पूर्ण भरली आणि चार मिनिटं १० टक्के राहिली तर सरासरी २८ येते, आणि त्या एका मिनिटात काउंटरवरचा माणूस अडकलेला असतो. म्हणून मी वापरापेक्षा ड्रॉप (गायब झालेली पॅकेट) आणि पिंगवर जास्त विश्वास ठेवतो. जमलं तर महत्त्वाच्या लिंकला दर एक मिनिटाला आकडा विचारा, आणि पोर्टवरून किती डेटा गेला ते मोजणारे काउंटर ६४ बिटचेच घ्या. ३२ बिटचा काउंटर १ जीबीपीएस पूर्ण चालला तर ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, मग ग्राफ काहीही दाखवतो.

पिंगला सगळीकडे एकच आकडा ठेवू नका. माझी व्हीसॅटची शाखा ५०० मिलिसेकंदांच्या खाली कधी आलीच नाही, उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, येणारच कशी, आणि १०० चा सरसकट अलार्म ती रात्रंदिवस वाजवायची. दोन आठवडे नुसतं मोजा, प्रत्येक लिंकचं नेहमीचं काय ते बघा, त्याच्या तिप्पट ठेवा. तिप्पट हा माझा अंदाज आहे, नियम नाही. आणि मोजायला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचा आठवडा घेऊ नका, निम्मे लोक सुट्टीवर असतात, सगळं छान दिसतं.

विचारलं नाहीये तरी सांगतो, रॅकच्या तापमानाला अलार्म लावाच. मेमध्ये आपल्याकडे बाहेर ४३-४४ असतं, तुमचा रॅक पत्र्याखाली असला आणि लाइट गेल्यावर यूपीएसवर स्विच चालू राहून एसी बंद पडला, तर अर्ध्या तासात आत काय होतं ते मी हात लावून बघितलंय. तिथं लवकर वाजलेलं चालतं.

हे सगळं लहान नेटवर्कवरचं माझं आहे, डेटा सेंटरवाले वेगळं सांगतील आणि त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. तुम्ही एवढं करा, इंटरनेटच्या पोर्टचा उद्या सकाळी १० ते २ चा ग्राफ इथं टाका, येणारा आणि जाणारा वेगवेगळा, आयपी झाकून. वर सपाट आहे का ते आधी बघू. तोपर्यंत साहेबांना म्हणावं दोन दिवस थांबा.