दोन राउटर लावलेत, दोन्ही स्वतःला मास्टर दाखवतात आणि लाइन तुटली तरी नेट दुसऱ्यावर जात नाही. व्हीआरआरपीत काय चुकतंय?

व्हीआरआरपी म्हणजे दोन राउटरनी मिळून एकच गेटवे (नेटकडे जायचा पत्ता) सांभाळायची पद्धत: एक मास्टर असतो, तो गेला की दुसरा त्याची जागा घेतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे बिघाड एकत्र आलेत. अंबडच्या युनिटमधले दोन्ही राउटर एकाच वेळी मास्टर दिसतात, आणि रस्ता खोदताना पहिली फायबर तुटली तेव्हा नेट दुसऱ्या लाइनवर गेलं नाही. पहिला बिघाड पटकन सुटतो. खरी मेख दुसऱ्यात आहे, आणि सातपूर-अंबडमध्ये मी बघतो त्या जोड्यांत बहुतेकदा तीच राहून गेलेली असते.

दोघांचा एकमेकांना पिंग लागतो म्हणून तुम्ही निश्चिंत असाल, पण व्हीआरआरपीचं पॅकेट वेगळं असतं. मास्टर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या) पत्त्यावर ‘मी जिवंत आहे’ असं कळवतो, तेही टीसीपी किंवा यूडीपीवर नाही, ११२ क्रमांकाच्या स्वतंत्र प्रोटोकॉलवर. फायरवॉलने ते अडवलं की दुसरा समजतो पहिला गेला, आणि तोही मास्टर होऊन बसतो. आधी दोन्ही राउटरवर लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) बाजूने ११२ ला परवानगी द्या. तरी सुटलं नाही तर व्हीआरआयडी (जोडीचा क्रमांक), व्हर्जन, पासवर्ड ठेवला असेल तर तो आणि अॅडव्हर्टाइजमेंट इंटरव्हल (किती वेळाने कळवायचं ते) दोन्हीकडे तंतोतंत जुळतात का बघा.

आता लाइनचं. व्हीआरआरपी फक्त एवढंच बघतं की जोडीदार लॅनवर बोलतोय की नाही. नाशिकमध्ये राउटर क्वचित मरतो, लाइन मात्र सारखी मरते. सिंहस्थाच्या कामांसाठी जेसीबी फिरताहेत, त्यात फायबर तुटली तरी तुमचा पहिला राउटर ठणठणीत असतो आणि मास्टरची गादी सोडत नाही. त्यासाठी ट्रॅकिंग लावावं लागतं: राउटरने बाहेरचा एखादा पत्ता पिंग करत राहायचं आणि उत्तर थांबलं की स्वतःची प्रायॉरिटी (मास्टर कोण ते ठरवणारा आकडा, ज्याचा मोठा तो मास्टर) कमी करायची. सिस्कोच्या राउटरमध्ये हे आयपी एसएलए या सोयीने होतं, मायक्रोटिकच्या राउटरमध्ये नेटवॉचमधून स्क्रिप्ट चालवून. नुसत्या वॅन पोर्टवर (बाहेरची लाइन जोडतात तो पोर्ट) विसंबू नका. फायबर चौकात तुटली तरी कंपनीने बसवलेल्या ओएनटीपासून (फायबर जोडतात तो डबा) राउटरपर्यंतची केबल शाबूत असते, त्यामुळे पोर्ट चालूच दिसतो. पिंगला एकाऐवजी दोन पत्ते द्या, आणि ते पिंग त्याच लाइनने बाहेर जाईल असा स्टॅटिक रूट (हाताने ठरवलेली वाट) टाका.

इथे एक साधं गणित हमखास चुकतं. पहिल्याची प्रायॉरिटी १२०, दुसऱ्याची १०० आणि ट्रॅकिंगने कमी होणार १०, तर उरतात ११०. म्हणजे लाइन मेली तरी मास्टर तोच. किमान ३० कमी करा. दुसऱ्यावर प्रीएम्प्ट (प्रायॉरिटी वरचढ झाली की मास्टरची गादी घ्यायची सोय) चालू हवं, नाहीतर त्याची प्रायॉरिटी वरचढ ठरूनही तो पुढे येणार नाही. व्हीआरआरपीत ते मुळातच चालू असतं, सिस्कोच्या एचएसआरपी या तशाच पद्धतीत स्वतः लावावं लागतं. पहिल्यावर मात्र प्रीएम्प्टला एखाद-दोन मिनिटांचा डिले द्या, म्हणजे रीस्टार्ट झाल्यावर लाइन उठायच्या आधीच तो गादी मागणार नाही.

गेटवेबद्दल: सध्या सगळ्या मशीनमध्ये जो गेटवे आहे, समजा १९२.१६८.१०.१, तोच व्हर्च्युअल आयपी (जो मास्टर असेल त्याच्याकडे राहणारा सामाईक पत्ता) करा आणि राउटरना .२ आणि .३ द्या. सीएनसी, प्रिंटर, हजेरीचं मशीन यांत कुणीतरी कधीकाळी हाताने गेटवे भरलेला असतो आणि ते शोधत शॉप फ्लोअरवर हिंडणं नको होतं. मशीनना आपोआप पत्ते वाटणारा डीएचसीपीही गेटवे म्हणून हाच पत्ता देतोय ना, बघा. तो फक्त पहिल्या राउटरवर चालत असेल तर दुसऱ्यावरही वेगळ्या रेंजने चालू करा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. लाइन बदलली की बाहेरचा पब्लिक आयपी बदलतो, त्यामुळे चालू व्हीपीएन आणि बँकेचं लॉगिन तुटणारच. हेड ऑफिसला व्हीपीएन असेल तर दोन्ही लाइनवरून दोन टनेल आधीच बांधून ठेवा.

दोन लाइन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत म्हणून त्या वेगळ्या वाटेने येतात असं नाही. बऱ्याचदा दोन्ही एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येतात. लाइनमनला गेटपर्यंतचा रस्ता प्रत्यक्ष दाखवायला सांगा, आणि एकच असेल तर दुसरी लाइन रेडिओवर किंवा ५जीवर घ्या. दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला असतील तर तेही वेगळे करा.

चाचणी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी करा, आणि मेनूतून रीबूट देऊन नको. राउटर नीट बंद होताना बरेचदा प्रायॉरिटी ० पाठवून निरोप घेतो आणि दुसरा सेकंदाच्या आत पुढे येतो, त्यामुळे सगळं छान दिसतं. वायर उपटली तर हा निरोप जात नाही. तेव्हा १०० प्रायॉरिटीच्या दुसऱ्याला साधारण ३.६ सेकंद लागतात. म्हणून एकदा पॉवरची पिन काढा, एकदा लॅनची केबल, आणि तिसऱ्यांदा ओएनटीच्या मागची फायबर. तिसऱ्या वेळी जास्त वेळ लागेल, कारण पिंग किती वेळा चुकल्यावर लाइन मेली समजायची ते तुम्हीच ठरवलेलं असतं. राउटर कुठले आहेत ते लिहा, म्हणजे नेमक्या कमांड देता येतील.