वाचकांचे प्रश्न : रुग्ण पुढे पाठवला जातो तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे सरकारी दवाखान्यांविषयी आहेत आणि त्यांतील बरीचशी रागाने लिहिलेली आहेत. काही पत्रे दुसऱ्या बाजूने, म्हणजे त्याच दवाखान्यांत काम करणाऱ्यांकडून आली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या भावजयीचा रक्तदाब नवव्या महिन्यात अचानक वाढला. प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवले. तेथे भूलतज्ज्ञ नाहीत म्हणून रात्रीच नांदेडला पाठवले. मायलेकरू सुखरूप आहेत, परंतु सारी रात्र आम्ही रस्त्यावर काढली. पगार घेणारे डॉक्टर हात लावायला एवढे का घाबरतात?
— एक शेतकरी वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : आपला राग समजतो, पण तो दोन ठिकाणी सारखा वाटण्यापूर्वी त्या रात्री काय घडले ते नीट पाहावे लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात दिलेले इंजेक्शन बहुधा मॅग्नेशियम सल्फेटचे असावे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका दिसू लागला की त्याचा पहिला डोस तेथेच द्यायचा आणि मग रुग्णाला पुढे पाठवायचे, हीच योग्य पद्धत आहे. म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी हात लावला होता, आणि योग्य तोच लावला होता.

प्रश्न आहे तो दुसऱ्या पायरीचा. आपल्याकडे मैदानी भागात सुमारे ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकसंख्येला एक ग्रामीण रुग्णालय, असा हिशेब ठरलेला आहे. या हिशेबात ग्रामीण रुग्णालयाने सिझेरियन करावे अशी अपेक्षा असते. सिझेरियनला मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, जन्मलेल्या बाळाकडे पाहणारा बालरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठ्याची सोय हे सगळे एकाच वेळी, एकाच छताखाली लागते. यांतील एक पद रिकामे असले तरी सारे शस्त्रक्रियागृह बंद राहते. इमारत उभी असते, यंत्रे आलेली असतात, फलक लागलेला असतो, स्त्रीरोगतज्ज्ञही हजर असतात; पण भूल द्यायला कोणी नसेल तर त्यांच्या हाती चिठ्ठी लिहिण्याखेरीज काही उरत नाही. भूलतज्ज्ञाशिवाय पोट उघडणारा डॉक्टर धाडसी नसतो, बेपर्वा असतो.

हे पद रिकामे का राहते, याचे उत्तर केवळ पगारात शोधून चालणार नाही. ज्या मराठवाड्यातला ‘लातूर पॅटर्न’ दरवर्षी एवढ्या मुलामुलींना वैद्यकीय प्रवेशाच्या दारात नेऊन उभे करतो, त्याच मराठवाड्याच्या तालुक्याच्या गावी तज्ज्ञ मिळत नाही, ही विसंगती आपण फार सहज पचवली आहे. भूलतज्ज्ञाला शहरात एका दिवसात तीन-चार खासगी रुग्णालयांची कामे मिळतात. तालुक्याला गळके निवासस्थान, जोडीदाराच्या नोकरीचा प्रश्न, मुलांची शाळा आणि वर्षानुवर्षे एकट्याने काढायच्या रात्रपाळ्या मिळतात. त्यातच अनेक पदे कंत्राटी असल्यामुळे पुढील वर्षी आपण तेथे असू की नाही, याची खात्री नसते. साध्या एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन प्रसूतीसाठी भूल देण्यास तयार करण्याचा मार्ग केंद्राच्या कार्यक्रमात पूर्वीच आखलेला आहे. तो नेटाने राबवावा आणि प्रशिक्षित डॉक्टरची बदली भूल देण्याचे कामच नसलेल्या जागी करू नये, एवढे केले तरी अशा किती तरी रात्री टळतील. प्रशिक्षण द्यायचे आणि मग माणूस भलतीकडे पाठवायचा, हा प्रकार ग्रामीण रुग्णालयात नोकरी करताना मी जवळून पाहिला आहे.

आपल्या हाती काय आहे, तेही सांगतो. दर महिन्याच्या ९ तारखेला ‘पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियाना’त गरोदर मातांची तपासणी होते आणि जोखमीच्या माता वेगळ्या नोंदवल्या जातात. त्या दिवशी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, की रात्री सिझेरियनची वेळ आली तर आपल्या भागात ते नक्की कोठे होते. जेथे भूलतज्ज्ञ नाही हे आधीच ठाऊक आहे, तेथे थांबून वेळ घालवण्याऐवजी थेट पुढच्या रुग्णालयात जायचे हे तेव्हाच ठरवता येते. तसेच रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांनी पुढील रुग्णालयाला आधी फोन करावा आणि दिलेल्या औषधाची वेळ चिठ्ठीत लिहावी, हा आग्रह नातेवाइकांनी विनासंकोच धरावा.

प्रश्न : ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. औषधे नव्हती असे कोणी म्हणाले, रुग्णच अत्यवस्थ होते असे प्रशासन म्हणाले. खरे काय मानावे?
— एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : त्या २४ जणांत १२ नवजात बालके होती. त्याच सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील मृत्यूंचीही चर्चा झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या विषयाची दखल घेतली. प्रत्येक मृत्यूचे कारण येथे बसून सांगणे योग्य होणार नाही. परंतु आपण मांडलेल्या दोन बाजू एकमेकींना खोडणाऱ्या आहेत, असे मला वाटत नाही.

रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत येतात हे खरे आहे, आणि ते तसे का येतात याचे उत्तर वरच्या पत्रात आले आहे. नांदेडला केवळ त्या जिल्ह्यातून नव्हे, तर हिंगोली, परभणी, शेजारचा यवतमाळ आणि सीमेपलीकडचा तेलंगण येथूनही रुग्ण येतात. खालच्या प्रत्येक पायरीवर जे अडले ते सगळे शेवटी येथे उतरते, आणि कमी वजनाच्या बाळाने वाटेत घालवलेले तास कोणत्याही काचेच्या पेटीत भरून निघत नाहीत. खासगी रुग्णालयातून पैसे संपल्यावर अखेरच्या क्षणी हलवलेले रुग्णही याच दारात येतात, आणि मृत्यूची नोंद मात्र सरकारी रुग्णालयाच्या नावावर होते.

पण याच कारणासाठी तेथे औषध, खाटा आणि परिचारिका इतर ठिकाणांपेक्षा अधिक हव्यात, कमी नव्हेत. राज्याने २०१७ मध्ये औषधखरेदी एकत्रित करून हाफकिन महामंडळाकडे सोपवली. खरेदी एकाच ठिकाणी झाली की दर उतरतो आणि दर्जा तपासता येतो, हा विचार चांगला होता; पुरवठ्याच्या विलंबाने मात्र त्याचे मातेरे केले, आणि २०२३ मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. वरून माल येत नाही आणि स्थानिक खरेदीला हात बांधलेले, अशा स्थितीत वॉर्डातला निवासी डॉक्टर ‘बाहेरून आणा’ असे चिठ्ठीवर लिहितो आणि नातेवाइकांचे शिव्याशाप खातो. दरम्यान धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली येथे नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मंजूर झाली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण त्यांच्यासाठी अध्यापक जुन्या महाविद्यालयांतूनच उचलले गेले, तर एक खड्डा बुजवण्यासाठी दुसरा खणल्यासारखे होईल.

नांदेडच्या घटनेनंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले, त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. रुग्णालयातील स्वच्छतागृहे घाण असणे हा गंभीर दोष आहे यात वाद नाही. परंतु सफाई कामगारांची पदे भरण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते मंत्रालयात बसतात, आणि झाडू मात्र अधिष्ठात्यांच्या हाती दिला जातो, हे पाहून माझ्यासारख्याला संताप येतो. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. राज्यांनीही आपल्या अंदाजपत्रकाचा ८ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करावा, असे त्यात म्हटले होते. आपण शिक्षक आहात. आपल्या आमदारांना हा एक आकडा दर अधिवेशनात विचारावा, असे सुचवतो.

प्रश्न : मी एमबीबीएस पूर्ण करून बंधपत्राच्या एक वर्षाच्या सेवेसाठी एका आरोग्य केंद्रात आहे. सर्पदंशाचा रुग्ण उशिरा आणला गेला आणि दगावला, तेव्हा जमावाने दारे फोडली. मला मारहाण झाली नाही, पण आता रात्रपाळीला उभे राहण्याची भीती वाटते. कायदा आम्हाला काय देतो? आणि या वर्षाचा आम्हाला उपयोग तरी काय?
— एक तरुण डॉक्टर, हिंगोली जिल्हा

उत्तर : महाराष्ट्रात यासाठी २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तीवरील हल्ला हा त्यानुसार दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मोडतोड झालेल्या मालमत्तेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आरोपीकडून वसूल करता येते. तक्रार आपण एकट्याने न देता संस्थेने द्यावी, आणि त्याच दिवशी द्यावी. दोन दिवसांनी गावातली वजनदार माणसे ‘मिटवून घ्या’ म्हणून येतात आणि बहुतेक प्रकरणे तेथेच विरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील महिला डॉक्टरवरील अत्याचार आणि हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. परंतु आपल्या केंद्रात रात्री पहारेकरी असावा, हा निर्णय आपल्या जिल्हा परिषदेनेच घ्यायचा आहे. त्यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी.

निष्काळजीपणाच्या खटल्याचीही भीती आपल्याला असेल. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले आहे की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, आणि स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. म्हणून रुग्ण किती वाजता आला, तेव्हा श्वास कसा होता, प्रतिविष किती वाजता सुरू केले, हे त्याच वेळी केसपेपरवर लिहीत जावे. मागाहून आठवून लिहिलेला कागद न्यायालयात उभा राहत नाही.

माझा अनुभव असा आहे, की जमाव बहुतेक वेळा मृत्यूमुळे भडकत नाही, तर तासभर कोणी काही सांगितले नाही यामुळे भडकतो. मण्यारीच्या दंशाने श्वासाचे स्नायू दुबळे होत आहेत, आधी मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळणार नाही, हे एका समंजस नातेवाइकाला बाजूला घेऊन सुरुवातीलाच सांगितले, तर पुढची वार्ता ऐकण्याची त्याची तयारी होते. मात्र एकटा डॉक्टर एका हाताने श्वास देणारी पिशवी दाबत असताना दुसऱ्या हाताने नातेवाइकांची समजूत काढू शकत नाही. म्हणून दुसरा वैद्यकीय अधिकारी हजर असणे ही चैन नसून गरज आहे.

या वर्षाच्या उपयोगाविषयी एकच उदाहरण देतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. महाड परिसरात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाने मरणारी मुले पाहिली, टिपणे ठेवली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि ते संशोधन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपणही तसेच करून दाखवावे, असा याचा अर्थ मुळीच नाही; आरोग्य केंद्राचे टिपणवहीतले ज्ञान मोठ्या रुग्णालयातल्या ज्ञानापेक्षा कमी दर्जाचे नसते, एवढेच सांगायचे आहे. शासनाने अशा नावांचा आधार घेऊन बाकीच्यांना अपुऱ्या साधनांत ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे.

प्रश्न : माझ्या गावातील ऊसतोडीला जाणाऱ्या तिशीतल्या बाईला अंगावरून पांढरे जाते म्हणून खासगी डॉक्टरांनी ‘पिशवी काढून टाका’ असे सांगितले आहे. ती कोयता सुरू होण्यापूर्वी ऑपरेशन उरकायचे म्हणते. मी तिला काय सांगू?
— एक आशा कार्यकर्ती, बीड जिल्हा

उत्तर : ताई, तिला थांबवा आणि सिव्हिलला किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दुसरे मत घ्यायला घेऊन जा. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचे लक्षण असते, आणि त्यावर गोळ्यांनी उपचार होतो. सोबत नवऱ्यालाही उपचार लागू शकतो. तिशीत गर्भाशयासोबत अंडाशयही काढले, तर हाडे ठिसूळ होण्यापासून पुढे बरेच काही सोसावे लागते, आणि मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईला ते परवडणारे नाही.

२०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली. त्या परवानगीविषयी खासगी डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. मात्र हा दोष केवळ लोभी डॉक्टरांच्या माथी मारून मोकळे होणे मला मान्य नाही. पाळीच्या दिवसांतला खाडा मुकादमाच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांतून, कापला जातो, फडावर पाणी आणि आडोसा नसतो, आणि सहा महिने गावाबाहेर असलेल्या बाईची नोंद ना तिच्या गावच्या उपकेंद्रात राहते, ना कारखान्याजवळच्या. फडावर जाणारी सरकारी आरोग्यसेवा जोवर नियमित होत नाही, तोवर त्या बाईला ‘एकदाची कटकट मिटवा’ हाच सल्ला स्वस्त वाटत राहील. निघण्यापूर्वी तिच्या उपचाराचा कागद तिच्याजवळ द्या, आणि ती ज्या कारखान्याला जाणार आहे तेथील आरोग्य केंद्राला आपल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून कळवून ठेवा.

प्रश्न : सरकारी दवाखाने मोफत झाले म्हणतात, मग एका शासकीय रुग्णालयात आमच्याकडून तपासणीचे पैसे का घेतले? आणि मागितले तरी कागदपत्रे का देत नाहीत?
— एक वाचक, परभणी

उत्तर : १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेला मोफत उपचाराचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या, म्हणजे आरोग्य केंद्रे, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांसाठीचा होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे असल्यामुळे ती त्यात नव्हती. सामान्य माणसाने दारावरची पाटी पाहून विभाग ओळखावा, ही अपेक्षाच गैर आहे, असे माझे मत आहे. दाखल व्हायचे असल्यास महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना आधी भेटावे. २०२३ च्या निर्णयानुसार या योजनेचे संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवून सर्व नागरिकांसाठी खुले केले आहे. कागदपत्रांविषयी सांगायचे तर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत ती द्यावी लागतात. मागणी तोंडी न करता लेखी करावी आणि आवक विभागाचा शिक्का घ्यावा.