हरूनही ब्राँझ मिळतं ते कसं?

प्रश्न : आम्ही कास्तकार माणसं. मुलगी नववीत आहे, बॅडमिंटन खेळते. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत हरली आणि काहीच न मिळता परत आली. तेव्हापासून गप्प आहे. तिचे बाबा म्हणतात, आशियाई स्पर्धेत सायना हरली तरी तिला ब्राँझ दिलं, मग ते फुकटचंच नाही का? आणि तसं असेल तर ऑलिंपिकमध्ये सिंधूला ब्राँझसाठी आणखी एक मॅच का खेळावी लागली? दुसरं असं, की गावात हॉल नाही. पोरगी समाजमंदिरात नाही तर अंगणात खेळते. अंगणात वारा असतो, पिसांची फुलं (शटल) लगेच तुटतात. अशा सरावात काही दम आहे का?
— एक आई, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी फुकटचं म्हणतात त्याबद्दल बोलू. तुमच्या मालकांना हे वाचून दाखवा.

आशियाई स्पर्धेत बॅडमिंटनला तिसऱ्या क्रमांकाची लढत नसते. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही ब्राँझ मिळतं. ऑलिंपिकमध्ये मात्र त्या दोघींना आपसात खेळावं लागतं. टोकियोत सिंधू तैवानच्या ताई त्झू-यिंगकडून उपांत्य फेरीत हरली आणि मग चीनच्या ही बिंगजियाओला 21-13, 21-15 हरवून तिने ब्राँझ घेतलं. नियमच वेगळे आहेत, मेहनत कमी-जास्त नाही.

म्हणून आशियाई स्पर्धेत खरी कसोटी उपांत्यपूर्व फेरीची. तो सामना जिंकला की पदक नक्की, हरलात की हात रिकामे. महिला एकेरीत जगातल्या बहुतेक अव्वल खेळाडू चीन, जपान, कोरिया, थायलंड, तैवान आणि आपल्याकडच्याच. त्यामुळे ही फेरी जागतिक स्पर्धेइतकीच अवघड असते. 2018 ला जकार्तात सायनासमोर त्या फेरीत थायलंडची रॅचनॉक इंतानोन होती, माजी विश्वविजेती. पहिल्या गेममध्ये सायना बरीच मागे पडली होती. तिथून तिने 21-18, 21-16 असा सामना काढला. ब्राँझ तिने त्या दिवशी कमावलं. आशियाई स्पर्धेत बॅडमिंटन एकेरीचं पदक भारताला 36 वर्षांनी मिळत होतं. आधीचं 1982 मधलं, सय्यद मोदींचं. याला फुकटचं म्हणू नये, मला ते खरंच लागतं.

त्याच स्पर्धेत सिंधू अंतिम फेरीत गेली, तिथवर पोचणारी पहिली भारतीय. तिथे ताई त्झू-यिंगने तिला 21-13, 21-16 हरवलं. पुढची आशियाई स्पर्धा 2023 मध्ये हांगझोला झाली. तिथे सिंधू उपांत्यपूर्व फेरीत हरली, तेही त्याच ही बिंगजियाओकडून, आणि पदकाविना परतली. म्हणजे तुमच्या पोरीच्याच टप्प्यावर.

आता पोरीला एक गोष्ट सांगा. जकार्तात कोरियाची एक 16 वर्षांची मुलगी पहिल्याच सामन्यात चीनच्या चेन युफेईकडून सरळ गेममध्ये हरून बाहेर पडली होती. तिचं नाव आन से-यंग. हांगझोला अंतिम फेरीत तिच्यासमोर पुन्हा चेन युफेईच होती. गुडघा दुखावला, पट्टी बांधून खेळली, दुसरा गेम गेला, आणि तिसरा तिने 21-8 असा घेतला. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्णही तिचंच.

सरावाचं म्हणाल तर दम आहे, पण जागा ओळखून सराव करायला हवा. समाजमंदिराचं छप्पर खाली असतं. तिथे उंच फटका मारला की फूल छताला लागतं, म्हणून मुलं नकळत आडवं आडवं खेळायला लागतात. मी शाळेत खेळ शिकवत असताना अशा कितीतरी पोरी पाहिल्या. जिल्ह्याच्या हॉलमध्ये समोरचीने फूल उंच मागे टाकलं की त्या तिथेच अडकायच्या. तुमच्या पोरीचेही बरेच गुण मागच्या कोपऱ्यात गेले असावेत, विचारून बघा. समाजमंदिरात नेटजवळचा खेळ आणि सर्व्हिस करू द्या. उंच फटके अंगणात, पहाटे, वारा सुटायच्या आत. वाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. मोठ्या एसी हॉलमध्येही हवेचा झोत असतोच. म्हणून तर गेम संपला की बाजू बदलतात, आणि तिसऱ्या गेममध्ये 11 गुणांवर पुन्हा.

फुलं तुटतात ती आपल्या कोरड्या हवेने. एका फुलाला 16 पिसं, आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ती वाळक्या पऱ्हाटीसारखी कडकन मोडतात. खेळायच्या आदल्या रात्री फुलांचं नळकांडं पिसांच्या बाजूने उघडून उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही क्षण धरा, फुलांचं बूच ओलं होऊ देऊ नका, मग झाकण लावून ठेवा. पिसं लवचीक होतात. रोजच्या सरावाला नायलॉनचं फूल चालेल, स्पर्धेच्या आधी मात्र पिसांचंच हवं, कारण दोन्ही हवेत वेगळी वळतात.

अंगणात चुन्याने एका बाजूचं एकेरीचं कोर्ट आखून घ्या : रुंदी 17 फूट, नेटपासून मागची रेघ 22 फूट. नेटच्या जागी दोरी बांधा, मध्यभागी 5 फूट उंच. फूल न घेता मधून सहाही कोपऱ्यांत (पुढचे दोन, मधल्या कडांचे दोन, मागचे दोन) जाऊन परत मधे यायचं, हा सराव रोज. मात्र सिमेंटच्या ओट्यावर नको, मातीवरच करा, गुडघे सांभाळायला हवेत.

आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी 2022 मध्ये दिल्लीत इंडिया ओपनला सायनाला सरळ गेममध्ये हरवलं होतं. मालविका डावखुरी आहे. तुमची पोरगी कोणत्या हाताने खेळते आणि त्या सामन्यात गुण कुठे कुठे गेले, हे तिलाच लिहून पाठवायला सांगा. पुढच्या अंकात तिच्याशीच बोलीन.