जुनी गाडी घेणार असाल तर हीटरबद्दल थोडं

तुम्ही विचारलंय की बर्फाच्या देशात शिफ्ट झाल्यावर सेकंडहँड गाडी घ्यायचीय, तर हीटरने एसीसारखं पेट्रोल जास्त जातं का आणि घेताना काय बघायचं.

पेट्रोल-डिझेल गाडीत हीटर जवळपास फुकटच असतो हो. इंजिनात तयार होणारी बरीचशी उष्णता तशीही वायाच जाते, कूलंट (इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं द्रव) ती गोळा करून रेडिएटरकडे नेतं आणि त्याच गरम कूलंटची एक लाइन डॅशबोर्डच्या आत हीटर कोर नावाचा छोटा रेडिएटर असतो त्यातून फिरवलेली असते, ब्लोअर म्हणजे पंखा त्यावरून हवा मारतो, बस. त्यामुळे गाडी सुरू केल्या केल्या गार वाराच येणार, इंजिनच्या तापमानाचा काटा जरा वर चढेपर्यंत फॅन कमीच ठेवा. उभ्या उभ्या इंजिन तापवत बसू नका, काचा नीट साफ करा आणि हळू चालवत निघा, लवकर तापतं.

काचेवर आतून वाफ धरली तर हीटरसोबत एसीपण लावा. विचित्र वाटेल, पण एसी हवेतला ओलावा काढतो आणि मग तीच हवा हीटर कोरवर गरम होते. रीसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवायचं बटण) मात्र बंद, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ आत फिरत राहते.

आता घेताना. गाडी पूर्ण तापू द्या, मग बघा. पळताना गरम हवा आणि सिग्नलला थांबलं की गार, तर बहुतेक कूलंट कमी आहे. हायवेवर काटाच खाली येत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, ते किरकोळ काम. पण आत गोडसर वास, काचेवर चिकट थर, पायाशी कार्पेट ओलं असं दिसलं तर हीटर कोर लीक आहे, आणि तो बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी तर अशी गाडी सरळ सोडून देईन. कूलंटच्या जागी नुसतं पाणी भरलेलं नाही ना तेही विचारा, अर्धं ग्लायकॉल (गोठू न देणारं रसायन) अर्धं पाणी असेल तर साधारण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही.

इलेक्ट्रिक घेतलीत तर हिशोब वेगळा, तिथे हीटर बॅटरीच खातो आणि रेंज चांगलीच पडते. हीट पंपवाली (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून कमी विजेत गरम करणारी) बघा, आणि चार्जरला लावलेली असतानाच आतून गरम करून घ्या.

अजून एक, बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाजवळचा बर्फ काढा, तोंड बंद झालं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि त्याला वासही येत नाही.