मॉर्डेनाइट झिओलाइटमध्ये असं वेगळं काय आहे? झेडएसएम-५ असताना ते उत्प्रेरक म्हणून अजून का वापरतात?

प्रश्नावरून तुम्ही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी विचारताय असं वाटतं, म्हणून व्याख्येत न अडकता सांगतो. मी कॅटॅलिस्टच्याच कामात आहे (उत्प्रेरक हा शब्द चांगला आहे, पण प्लांटवर तो कोणी उच्चारत नाही) आणि मॉर्डेनाइटने मला जितकं छळलंय तितकं दुसऱ्या कुठल्या झिओलाइटने नाही. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं, रेणूंएवढ्या बारीक छिद्रांनी भरलेलं स्फटिक; झेडएसएम-५ हेही त्यातलंच एक.

जुन्या वाड्यातला लांबच लांब बोळ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकं उघडी, मध्ये कुठेही शेजारच्या बोळात जायला दार नाही, फक्त भिंतीत कोनाडे. मॉर्डेनाइटची रचना जवळपास हीच. बोळाचं तोंड बारा ऑक्सिजनच्या कड्याचं, साधारण ६.५ × ७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). त्यातून बेंझिन, झायलीन आरामात जातात. कोनाड्याचं तोंड आठ ऑक्सिजनचं, ३.४ × ४.८ अँगस्ट्रॉम. तिथे कार्बन मोनॉक्साइड किंवा डायमिथाइल ईथरसारखे किडकिडीत रेणूच शिरतात. कोनाड्याच्या पलीकडे आणखी एक अरुंद फट आहे, पण ती २.६ × ५.७ ची. तिच्यातून बहुतेक रेणू पलीकडे जात नाहीत.

झेडएसएम-५ मध्ये याउलट दोन्ही दिशांचे बोगदे एकमेकांना छेदतात. एक वाट तुंबली तर रेणू दुसरीकडून निघतो. मॉर्डेनाइटमध्ये तोंडाशी कोकचा (रेणू जळून उरलेल्या कार्बनी काजळीचा) एक गठ्ठा बसला की मागची सगळी आम्लस्थानं, म्हणजे प्रोटॉन असलेल्या ज्या जागांवर प्रतिक्रिया घडते त्या, वाया. खराब झालेला कॅटॅलिस्ट तपासला तर कधी कधी कोक वजनाच्या जेमतेम काही टक्के निघतो आणि पृष्ठफळ मात्र पार कोसळलेलं असतं. झेडएसएम-५ असताना हे कशाला, हा तुमचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

तरी वापरतात. पहिलं कारण त्याचा चिवटपणा. नैसर्गिक मॉर्डेनाइटमध्ये सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण साधारण ५ ला १ असतं. हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं तरी ॲल्युमिनियम हळूहळू निघतं आणि सांगाडा उभाच राहतो. झिओलाइट ए त्याच आम्लात विरघळून जातं. दुसरं, त्याची आम्लस्थानं चांगलीच तीव्र असतात. आणि तिसरं म्हणजे ते कोनाडे, पण त्यांच्याकडे नंतर येतो.

नाव कॅनडातलं आहे. नोव्हा स्कोशियात फंडीच्या आखाताकाठी मॉर्डेन नावाचं गाव आहे, तिथल्या नमुन्यावरून हेन्री हाऊ यांनी १८६४ मध्ये हे खनिज वर्णिलं. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्येही ते सापडतं, ह्यूलँडाइट या दुसऱ्या झिओलाइटच्या सोबतीला, कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं आणि तंतुमय. पण रिअॅक्टरमध्ये जातं ते प्रयोगशाळेतून आलेलं. रिचर्ड बॅरर यांनी ते १९४८ मध्येच कृत्रिमरीत्या बनवलं होतं.

सर्वात जुना मोठा उपयोग पेट्रोलमधला. नॉर्मल हेक्सेन हा सरळसोट रेणू, त्याचा ऑक्टेन (इंजिनात ठोका न देता जळण्याचा आकडा) जेमतेम २५. त्याच कार्बनांना फांद्या फुटल्या की आकडा ७० च्या पुढे, काही रेणूंत ९० च्याही वर जातो. मॉर्डेनाइटवर थोडं प्लॅटिनम बसवून, हायड्रोजनच्या दाबाखाली, २५० अंश सेल्सिअसच्या आसपास हलका नाफ्था (कच्च्या तेलातला पेट्रोलसारखा हलका भाग) सोडला की हे काम होतं. शेलची हायसोमर ही प्रक्रिया याच तत्त्वावरची. प्लॅटिनम आणि हायड्रोजन इथे आणखी एक काम करतात: कोक होऊ घातलेल्या रेणूंना तोंडाशी बसायच्या आधीच संपृक्त करून टाकतात. क्लोरिनेटेड ॲल्युमिना या दुसऱ्या कॅटॅलिस्टवर हेच काम १२० ते १८० अंशांत होतं आणि तापमान कमी म्हणून फांद्यांचे रेणू जास्त मिळतात, म्हणजे ऑक्टेनही जास्त. पण त्याला फीडमधला (आत सोडलेल्या कच्च्या मालातला) पाण्याचा थेंबसुद्धा सोसत नाही. मॉर्डेनाइट थोडं पाणी, थोडं गंधक चालवून घेतं. आपल्याकडच्या अनेक रिफायनऱ्यांत आयसोमरायझेशन युनिट आहेत, पण सगळ्यांत मॉर्डेनाइटच असतं असं समजू नका.

टोल्युईन आणि नऊ कार्बनच्या ॲरोमॅटिक्सपासून झायलीन बनवण्यातही ते मुरलेलं आहे. क्युमीन या बेंझिनपासून बनणाऱ्या रसायनाच्या बाबतीत डाऊ कंपनीने मजेशीर गोष्ट केली. आम्ल आणि उष्णता देऊन इतकं ॲल्युमिनियम काढलं की भिंतींना खिंडारं पडली आणि बोळ एकमेकांना जोडले गेले. एका दिशेच्या बोगद्याचा त्रिमितीय रस्ता झाला. दोष होता तो भिंत फोडून घालवला, हे मला फार आवडतं.

मिथाइलअमाइन्सचं उदाहरण उलट्या बाजूचं. मिथेनॉल आणि अमोनियापासून साध्या सिलिका-ॲल्युमिनावर ट्रायमिथाइलअमाइन भरपूर तयार होतं, गिऱ्हाईक मात्र डायमिथाइलअमाइनला. जपानच्या निट्टो कंपनीने सुधारित मॉर्डेनाइट वापरलं. त्याची तोंडं इतकी आवळलेली की जाडजूड ट्रायमिथाइलअमाइनला बाहेर पडणं कठीण.

आता कोनाडे. २००६ मध्ये बर्कलीतल्या एनरिके इग्लेसिया यांच्या गटाने दाखवलं की डायमिथाइल ईथर आणि कार्बन मोनॉक्साइडपासून मॉर्डेनाइटवर दोनशे अंशांच्या आतच मिथाइल ॲसिटेट बनतं. अशा कामाला एरवी लागणारं र्‍होडियम नको, गंजवणारं आयोडाइडही नको. प्रतिक्रिया घडते ती फक्त कोनाड्यांतल्या आम्लस्थानांवर. मोठ्या बोळातली स्थानं उलट कोक करून वाट लावतात. मग उपाय निघाला पिरिडीनचा. पिरिडीनचा रेणू बोळात मावतो, कोनाड्यात मावत नाही. त्यामुळे तो नेमकी नको असलेली स्थानं झाकून टाकतो आणि हवी ती उघडी राहतात. चीनमधल्या शाआन्शी (Shaanxi) प्रांतात २०१७ पासून याच वाटेने कोळशापासून इथेनॉल बनतंय: डायमिथाइल ईथरचं मिथाइल ॲसिटेट, आणि त्यावर हायड्रोजन सोडला की इथेनॉल.

प्रोजेक्टसाठी एक सांगतो. बाटलीवर 'सोडियम मॉर्डेनाइट' लिहिलं असेल तर त्यात आम्लता नाही म्हणून समजा. मी पहिल्या खेपेला तेच थेट रिअॅक्टरमध्ये भरलं आणि दोन दिवस जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) फीडचाच पीक बघत बसलो. आधी अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात दोन-तीनदा सोडियमची अमोनियमशी अदलाबदल करा, धुवा, ११० अंशांवर वाळवा आणि ५०० ते ५५० अंशांवर भाजा. अमोनिया उडून गेला की मागे प्रोटॉन उरतो. भट्टीतून काढलेली पूड डेसिकेटरमध्येच (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, कारण उघड्यावर ती हवेतलं पाणी ओढते. थंड झालेल्या चिमूटभर पुडीवर ड्रॉपरने थेंबभर पाणी टाकून बघा, काचेखाली लावलेल्या बोटाला ऊब कळते.

आणि विकत घेताना मोठ्या तोंडाचं मॉर्डेनाइट आहे का ते विचारा. कागदावर ७ अँगस्ट्रॉम असलं तरी काही नमुन्यांत बोळात अडगळ असते आणि ४ अँगस्ट्रॉमपेक्षा मोठं काही आत जात नाही. एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासतात त्यात) ते बरेचदा उमगत नाही. बेंझिन शोषून घेतं का ते पाहिलं की लगेच कळतं.