११ वर्षांच्या मुलाने कर्व्हबॉल टाकला तर कोपर बिघडतं का?

तुमचा मुलगा लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) पिच करतो, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकतो. कोचने त्याला कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळून खाली पडणारा चेंडू, शिकवायला घेतलाय आणि तो थांबवावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: थांबवा. पण कोपराला खरा धोका पिचच्या संख्येचा आहे, कर्व्हचा नंबर त्यानंतर.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यापाशी वाढीची कूर्चा कच्ची असते. हात मागून पुढे झेपावतो तेव्हा कोपर आतून उघडू पाहतं आणि सगळा ओढा तिथे येतो. मोठ्या पिचरचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) तुटतं. लहान मुलात लिगामेंट कूर्चेपेक्षा चिवट, म्हणून आधी कूर्चा दुखावते. (क्रिकेटचा अनुभव इथे चालत नाही. तिथे चेंडू टाकताना कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करता येत नाही, आणि वेगवान गोलंदाजाची जाते ती कंबर.)

२००२ च्या एका अभ्यासात ९ ते १४ वयाच्या पिचरांमध्ये कर्व्हबॉलचा खांदेदुखीशी आणि स्लायडरचा (वेगात येऊन बाजूला सरकणाऱ्या चेंडूचा) कोपरदुखीशी संबंध दिसला होता. पुढे प्रयोगशाळेत हातावरचा ताण मोजला, तर कर्व्हचा फास्टबॉलपेक्षा जास्त निघाला नाही. चेंजअपचा (फास्टबॉलसारखा दिसणाऱ्या, पण हळू येणाऱ्या चेंडूचा) सगळ्यात कमी. २०११ साली आलेल्या १० वर्षांच्या पाहणीत वर्षाला १०० हून जास्त इनिंग (बेसबॉलमध्ये तीन आऊट होईपर्यंतचा डाव) टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट दिसला. लवकर शिकलेल्या कर्व्हबॉलचा दोष मात्र सिद्ध झाला नाही.

मग नको का म्हणतोय? कर्व्हला मनगट आधीच वळवून, कराटेच्या फटक्यासारखा हात खाली आणायचा असतो. दमलेला मुलगा चेंडू सोडताना दाराची मूठ फिरवावी तसा हात पिळतो. शिवाय कर्व्हवर विकेट मिळायला लागल्या, म्हणजे आऊट हो, की कोच त्यालाच पुन्हापुन्हा पाठवतो! आत्ता चेंजअप शिकवा: चेंडू तळहातात खोल, हाताचा वेग फास्टबॉलचाच.

मोजणी तुम्ही स्वतः ठेवा. ११-१२ वयाला दिवसाला ८५ पिच (फेकलेले चेंडू) ही लिटल लीगची मर्यादा आहे. २१ ते ३५ पिच टाकल्या तर १ दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला २, ५१ ते ६५ ला ३, ६६ पासून पुढे ४. घोळ होतो तो दोन टीममुळे: शनिवारी लीगमध्ये ४०, रविवारी ट्रॅव्हल टीममध्ये (बाहेरगावी खेळायला जाणाऱ्या टीममध्ये) ५०. दोन्ही कोचांच्या कागदावर सगळं नियमात, प्रत्यक्षात दोन दिवसांची विश्रांती बुडाली. पिच करून झाल्यावर त्याच दिवशी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं करणंही टाळा, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतो. वर्षात किमान ४ महिने फेकणं बंद, त्यातले २-३ सलग.

सामन्यात त्याचं कोपर पाहा. ते खांद्याच्या रेषेखाली घसरू लागलं, अंग ताठ राहून चेंडू वर जाऊ लागला, दोन फलंदाजांमध्ये रेंगाळू लागला, तर आकडा ५० चा असला तरी उतरवा.

कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबून दुखलं तर त्या दिवसापासून फेकणं बंद. दुखणं दाबायची गोळी देऊन खेळवू नका. हाडांच्या डॉक्टरांकडून दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढून घ्या. कूर्चेतली फट दुसऱ्या हाताशी ताडूनच नीट कळते. सुरुवातीलाच सापडलं तर बहुधा ४ ते ६ आठवडे चेंडू फेकायचा नाही, एवढ्यावर भागतं.